एक फोन, एकेचाळीस मुलं

गिरणगावातल्या एका मराठी शाळेत सातवीला मराठी शिकवणाऱ्या शिक्षिकेचं हे पत्र. वर्गात ४१ मुलं. जूनमध्ये त्यांनी मुलांसाठी एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि गूगल फोटोजवर एक अल्बम उघडला. दर आठवड्याला एक विषय, घरच्या फोनवरून फोटो टाकायचे, ज्याला जास्त लाइक त्याचं वर्गात कौतुक. पहिला विषय होता 'निसर्गाचं सौंदर्य', दुसरा 'माझं घर'. फोटो आले ते चौदाच मुलांचे, कारण बाकीच्यांच्या घरचा फोन दिवसभर आई नाहीतर बाबांबरोबर कामावर असतो. आले त्यातले निम्मे इंटरनेटवरून उतरवलेली कमळं आणि सूर्यास्त. 'एकाने तर चाळीच्या गॅलरीतल्या निळ्या पिंपांचा हललेला फोटो टाकला. पिंपांवर नावं रंगवलेली, एकाला चक्क साखळी आणि कुलूप. विषय होता निसर्ग!' असं त्या लिहितात. मग एका मुलीचा डबा खातानाचा फोटो कोणीतरी काढला, त्याचा स्टिकर केला, तो फिरला. ती दोन दिवस शाळेत आली नाही. मोठ्या बाईंनी सगळं बंद करायला सांगितलंय. सहकारी म्हणतात, पोर्शन सोडून हे काय चाललंय? बाईंचा प्रश्न असा: हे सोडून द्यावं, की ज्यात असले प्रकार होणार नाहीत असं दुसरं एखादं अ‍ॅप आहे?

बाई,

तुमच्या प्रश्नाकडे येण्याआधी त्या मुलीविषयी बोलते. तुमच्या पत्रात ती एका वाक्यात येते आणि पुढच्याच वाक्यात मोठ्या बाई येतात. ती आता शाळेत येतेय, एवढं तुम्ही लिहिलंय. तिच्याशी एकटीशी बोलणं झालंय का? नसेल तर हे उत्तर वाचून झाल्यावर पहिलं काम ते करा. वर्गासमोर नको, स्टाफरूममध्येही नको. मधल्या सुट्टीत जिन्यात उभ्या राहून बोललात तरी चालेल. ग्रुप तुम्ही काढला होता, तिथे जे झालं त्याचं तुम्हाला वाईट वाटतंय, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या. तिला काय हवंय तेही विचारा.

स्टिकर एकदा कोणाच्या फोनमध्ये सेव्ह झाला की ग्रुपमधून पुसून भागत नाही. ज्या घरांत तो पोचला त्या प्रत्येक घरी फोन करून तो काढायला सांगावा लागतो. चौदा घरं आहेत, एका संध्याकाळचं काम आहे. ज्याने तो बनवला त्या मुलाला वर्गात उभं करू नका. बारा वर्षांचं पोर आहे, त्याला आणि त्याच्या आईला एकत्र बसवून बोला. आणि प्रकरण शाळेबाहेर गेलंय, मुलगी मिटून गेलीय असं दिसलं, तर मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. तो नंबर तिच्या आईला द्या.

आता अ‍ॅपचं. असले प्रकार होऊच देणार नाही असं अ‍ॅप मला तरी माहीत नाही, आणि असतं तरी तुमची अडचण त्याने सुटली नसती असं मला वाटतं. विषय तेच आणि लाइक तेच राहिले, तर कमळं नव्या ठिकाणी उगवतील एवढंच.

ज्या मुलांनी कमळं पाठवली ती लबाड नाहीत, बाई. तुम्ही सौंदर्य मागितलंत. चाळीतल्या मुलीने आजूबाजूला पाहिलं, पुस्तकात ज्याला सौंदर्य म्हणतात ते तिला काही दिसलं नाही, मग ते जिथे मिळतं तिथून तिने आणून दिलं. तिने तुमच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर दिलंय.

आणि ज्या मुलाने पिंपं पाठवली, त्याचा फोटो तुमच्या हाती आलेला सगळ्यात मोलाचा फोटो आहे. तुमचं पत्र वाचताना मी तिथेच थांबले. पिंपांवर नावं कोणाची आहेत? बाप्यांची, की बायकांची, की नुसते खोलीचे नंबर? रंगवलीयेत कोणी, एकाच हाताने की प्रत्येकाने आपापली? गॅलरीत नळापासून पहिलं पिंप कोणाचं, शेवटचं कोणाचं, आणि हा क्रम ठरला कधी? पाणी किती वाजता येतं, तेव्हा गॅलरीत कोण कोण असतं? कुलूप लावावं असं एकालाच का वाटलं? या फोटोवर तुमचा मराठीचा आठवडा निघेल. भूगोलाच्या बाईही त्यावर एक तास मागतील. फोटो हललेला आहे याचं मला काहीच वाटत नाही. त्यावरची नावं वाचता येत नसतील तर तो मुलगा परत जाऊन पुन्हा काढेल. परत जाऊन पुन्हा नीट पाहणं, यासाठीच तर आपण मुलांच्या हातात कॅमेरा देतो.

म्हणून विषय देऊ नका, प्रश्न द्या. असा प्रश्न, ज्याचं उत्तर इंटरनेटवर नाही. तुमच्या मजल्यावर पाणी भरायला काय काय वापरतात? शाळेच्या वाटेवर पुसट झालेली अक्षरं कुठे दिसतात? कोणत्या वस्तूला दोरी बांधून दुरुस्त केलंय? मसाला कांडायच्या गिरणीबाहेर रांगेत माणसांऐवजी काय उभं असतं? (उन्हाळ्यात लालबागला गेलात तर पिशव्या आणि डबे रांगेत उभे दिसतात.) पिंपळाला या सोमवारी किती नवी पानं फुटली, आणि पुढच्या सोमवारी त्यांचा तांबूस रंग कुठे गेला? या प्रश्नांना उतरवलेलं कमळ चालत नाही.

'माझं घर' या विषयाबद्दल मात्र मला तुम्हाला थांबवायचं आहे. मी शिकवत होते तेव्हा, फोनच्या आधीच्या काळात, मुलांकडून घराचे फोटो मागवले होते. एका मुलाने एका उंच इमारतीचा फोटो आणला. छान आहे म्हणून मी तो भिंतीवर मधोमध लावला. महिन्याभराने त्याच्या आईशी बोलताना कळलं की ते सगळे संक्रमण शिबिरात राहतात, आणि ती इमारत त्यांच्या जुन्या चाळीच्या जागी उभी राहिलेली. वर्षभर तो मुलगा त्या भिंतीकडे पाठ करून बसत असे आणि मला कारण माहीत नव्हतं. घर, जेवण, बाबांचं काम, सुट्टीतली सहल: या गोष्टी फोटोतून मागवल्या की कोणाकडे काय आहे याची यादी वर्गाच्या भिंतीवर लागते. मुलाला स्वतःहून दाखवावंसं वाटलं तर ते दाखवेलच. आपण मागायचं नाही.

चौदाच मुलांकडून फोटो आले, ही गोष्ट तुम्ही मुलांची उणीव म्हणून लिहिली आहे. प्रत्येक मुलाला फोन हवा हे आपण धरून चाललो म्हणून ते तसं दिसतं. माझं म्हणणं, वर्गाला एक फोन पुरतो. तुमच्या किंवा एखाद्या सहकाऱ्याच्या घरात सिम काढून ठेवलेला जुना हँडसेट पडलेला असेल, तो शाळेत आणा. तुमचा रोजचा फोन वापरू नका, त्यात तुमचे मेसेज, तुमचं बँकेचं अ‍ॅप, तुमच्या घरचे फोटो आहेत. पाच-सहा मुलांचा एक गट करा. शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेत किंवा शेवटच्या तासाला एकेका गटाला तुमच्याबरोबर बाहेर न्या, नाहीतर शाळेच्या आवारातच फिरवा. एकाने फोटो काढायचा, एकाने चौकटीत काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते सांगायचं, एकाने वहीत कुठे, कधी, काय ते लिहायचं, एकाने समोरच्या माणसाला विचारायचं, 'काका, तुमच्या हातगाडीचा फोटो काढू का?' कामं दर वेळी बदलायची. विचारायचं काम सगळ्यांच्या वाट्याला यायलाच हवं. काकांनी नाही म्हटलं तर नाही, आणि ते 'नाही'सुद्धा वहीत लिहायचं.

आणि प्रत्येक गटाला पाचच फोटो. पूर्वी रोलमध्ये छत्तीस फोटो असायचे आणि ते लग्न, बारसं, गणपती असे पुरवावे लागायचे, म्हणून माणसं बटण दाबण्याआधी पाहायची. पाच म्हटलं की मुलं भांडतात, आणि 'हा का, तो का नको' हे भांडण ऐकण्यासारखं असतं. मी ते तास कधी आवरायला गेले नाही.

फोटोवर काम करायला अनेक वाटा आहेत, मला आवडलेल्या दोन सांगते. फ्लिकर ही फोटो ठेवायची जागा २००४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिथे फोटोवरच चौकट आखून त्या जागेवर टीप लिहायची सोय होती. शिक्षकांनी तिचा फार सुंदर उपयोग केला: कोणी चित्रातला एकेक कोपरा समजावला, कोणी झाडाचे भाग. आपण पिंपांच्या फोटोची मोठी झेरॉक्स काढू आणि मुलं पेनाने चौकटी आखतील. कुलपापाशी एक टीप, नळापाशी एक.

दुसरी वाट पाच पत्त्यांच्या खेळाची. अ‍ॅलन लेव्हिन या शिक्षणक्षेत्रातल्या माणसाने 'फाइव्ह कार्ड फ्लिकर' नावाचा खेळ वेबवर आणला. पाच अनोळखी फोटो समोर येतात, त्यातला एक निवडायचा, पुन्हा पाच येतात, पुन्हा एक, असे पाच झाले की त्यांची गोष्ट लिहायची. हे करायला इंटरनेट लागत नाही. वर्गाने काढलेले फोटो एका कागदावर नऊ-नऊ छापून घ्या, कापा, पिसा आणि वाटा. एकाच पिंपाची सहा गटांत सहा गोष्टी होतात. ज्याचा फोटो आहे तो मुलगा त्या ऐकत बसलेला असतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहा. लाइकमध्ये ते नाही.

लाइक बंद करा, बाई. हे मी आग्रहाने सांगते. ज्याला जास्त लाइक त्याचं कौतुक, असं ठरलं की ज्याच्या घरी तीन फोन आहेत तो जिंकतो, आणि हसू येईल असा फोटो जिंकतो. स्टिकरपर्यंतची वाट तिथूनच जाते. त्याऐवजी नियम असा करा की दुसऱ्याच्या फोटोखाली किमान दोन वाक्यं लिहायची, एक दिसलं त्याचं आणि एक प्रश्न. 'छान', 'मस्त' चालणार नाही. कधी सांगा, हा फोटो ज्याला दिसत नाही अशा मुलाला शब्दांत दाखवा. चाळीस शब्दांत पिंप दाखवायचं म्हणजे निळा म्हणजे कुठला निळा, ओळ म्हणजे किती लांब, हे सांगावं लागतं. सहकाऱ्यांना पोर्शनची काळजी असेल तर हे चित्रवर्णन आहे, तीच नोंद बातमीच्या रूपात लिहिली की बातमीलेखन आहे. उपयोजित लेखनाचे तास यात निघतात.

अल्बम मग ठेवायचा की नाही? ठेवा, पण छोटा आणि बंदिस्त. गूगलवर १३ वर्षांखालच्या मुलाला स्वतःचं खातं स्वतः उघडता येत नाही, त्यामुळे तुमची बरीच मुलं आईच्या खात्यावरून येत असणार. मुलांना खात्यांत ओढूच नका. शाळेच्या नावाचं एक खातं काढा, त्याचा पासवर्ड तुमच्याकडे आणि मोठ्या बाईंकडे. अल्बमची लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला फोटो दिसतात हे लक्षात ठेवा. म्हणून ती पालकांच्या मोठ्या ग्रुपवर टाकू नका. अल्बममध्ये इतरांनी फोटो भरायची सोय आणि कमेंट-लाइकची सोय, दोन्ही बंद करता येतात. फोटोची जागा दाखवायची सोय असते, तीही बंद करा. फोटोच्या फाइलमध्ये वेळ आणि जागेचे अक्षांश-रेखांश बसलेले असू शकतात, तेव्हा त्या जुन्या हँडसेटच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन पहिल्याच दिवशी बंद. मुलांनी शब्दही ऑनलाइन लिहावेत असं वाटलं तर पॅडलेटसारखी, नोंदी चिकटवायची ऑनलाइन भिंत घ्या. तिथे शिक्षकाने मान्य केल्याशिवाय नोंद इतरांना दिसणार नाही असं ठरवता येतं.

चेहरे नकोत. हात, पाय, सावल्या, चपला, पाठमोरे चालतील. गणवेशावरचा बिल्ला, ओळखपत्र, शाळेची पाटी चौकटीबाहेर. मुलं याला बंधन म्हणून कुरकुरतील आणि मग चपलांवरून माणूस ओळखायला शिकतील.

मोठ्या बाई तुमच्या विरोधात आहेत असं पत्रातून जाणवतं. मला त्या घाबरलेल्या वाटतात, आणि घाबरायला कारण आहे. उद्या एखादे पालक तक्रार घेऊन आले तर खुर्चीवर त्या बसलेल्या असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरलंय, आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. फोटोही माहितीच. तेव्हा त्यांच्याकडे परवानगी मागायला जाताना एक पानभर मजकूर लिहून न्या. खातं कोणाचं, कोणाला दिसणार, फोटोत काय नसेल, एप्रिलमध्ये वर्ष संपलं की अल्बम कधी पुसणार, आणि काही बिनसलं तर पहिला फोन कोणाला. पालकांसाठी साध्या मराठीत चार ओळींचं संमतिपत्र जोडा, आणि त्याच्या खाली एक ओळ मुलासाठी ठेवा: 'मलाही चालेल' किंवा 'मला नको'. पालकसभेत ते वाचून दाखवा, नुसतं सहीला पाठवू नका. ज्या मुलाने 'मला नको' लिहिलं त्याच्याकडे वहीचं आणि चौकटीचं काम द्या, कारण विचारू नका. स्टिकरचं काय झालं आणि तुम्ही काय केलंत, हेही त्या पानावर आधी लिहा. लपवलंत तर त्या कधीच हो म्हणणार नाहीत.

सहकाऱ्यांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या फोटोग्राफर मंडळींपैकी. आणि त्याच दशकात एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग चालत होता. या शहरातल्या शाळेत कॅमेरा येऊन पावणेदोनशे वर्षं होत आली.

त्या काळातले आणि नंतरचे मुंबईचे पुष्कळ फोटो आज विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या जोडीच्या फोटोसंग्रहात खुले आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००८ मध्ये फ्लिकरवर 'द कॉमन्स' सुरू करायला मदत केली, तिथे जगभरच्या संग्रहांतले जुने फोटो मिळतात. बोरीबंदरचा एखादा जुना फोटो छापून मुलांना द्या. स्टेशनची इमारत १८८८ ची, ती ओळखू येईलच. मग रस्त्यावरचे रूळ दिसतील आणि कोणीतरी विचारेल, रस्त्यावर ट्रेन? तिथून ट्राम: १८७४ मध्ये घोड्यांची, १९०७ मध्ये विजेची, १९६४ मध्ये बंद. कोणाच्या तरी पणजोबांनी ट्रामने प्रवास केलेला निघतो. शक्य असेल तर त्याच कोनातून आजचा फोटो काढा. लालबागमध्येच राहायचं असेल तर गिरणीची उरलेली चिमणी घ्या, घरी आजोबांना दाखवायला सांगा आणि १९८२ च्या संपाचं नाव आपण आधी काढू नका. ते घरातूनच येईल.

यातच श्रेय देणंही शिकवा. आपलं काम इतरांनी कोणत्या अटींवर वापरावं हे सांगणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने मुलांना सहज कळतात, कारण ते खाऊ वाटण्यासारखे आहेत: घे, पण माझं नाव सांग, घे, पण विकू नकोस, घे, पण बदलू नकोस, घे आणि बदल, पण तूही तसंच वाटून दे. आपल्या कायद्यात फोटोवरचा हक्क तो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, म्हणजे कमळाचा तो उतरवलेला फोटोही बहुधा कोणाचा तरी आहे. हे रागावून सांगू नका. आधी त्यांच्या स्वतःच्या फोटोंखाली त्यांची नावं लिहा, मग दुसऱ्याचं नाव गाळलं की त्यांनाच खटकेल. ही नावं वर्गातल्या भिंतीवर. अल्बममध्ये गटाचं नाव पुरे.

अल्बम लगेच उघडायची घाई नको. मोठ्या बाईंनी बंद म्हटलंय तर महिनाभर बंद ठेवा. एक हँडसेट, छापलेले फोटो, कपड्यांचे चिमटे आणि वर्गात खिडकीपासून फळ्यापर्यंत बांधलेली दोरी, एवढ्यावर महिना निघतो. पालकसभेला मोठ्या बाईंना त्या दोरीखालून चालवा आणि मग पान पुढे करा.

आणि हे काम त्या पिंपवाल्या मुलापासून सुरू करा. त्याला वर्गात सांगा की तुझा फोटो आधी मला कळला नव्हता. त्याच्या गटात ती मुलगी असावी की नसावी हे तिला विचारून ठरवा. गट त्याच्या चाळीत न्यायचा तर त्याच्या आईला आधी विचारा, पाणी यायच्या वेळेला जा, आणि वही न्यायला विसरू नका. कुलपाचं कारण कळलं तर मला जरूर लिहा.